पेरणी यंत्राचे क्लॅम्प जंगानं जाम झालेत, कोणतं तेल टाकू?

पूर्णाकाठ · २१ मे, रात्री ९.४०

राम राम मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारं. आमच्या गटाचं ट्रॅक्टरवरचं पेरणी यंत्र आहे, नऊ दात्यांचं. रब्बीत हरभऱ्यासाठी दाते ३० सेंमीवर लावले होते. आता सोयाबीनसाठी ४५ सेंमीवर न्यायचेत. नऊपैकी सहा ठेवायचे, तीन काढायचे आणि उरलेले फ्रेमवर सरकवायचे. एरवी हे तासाभराचं काम.

पण रब्बीत यंत्र गटात बऱ्याच जणांकडे फिरलं आणि परत आलं तेव्हा खताच्या पेटीत डीएपी थिजलेलं होतं, खालच्या क्लॅम्पवर पांढरा-तपकिरी थर. क्लॅम्पचे बोल्ट १२ मिमीचे आहेत, १९ चा पाना लागतो. एकही नट हलत नाही. दोन नटांचे कोपरे आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेत.

वेल्डिंगच्या दुकानात नेलं की ते सरळ गॅस कटर लावतात. फ्रेमचा चौकोनी पाईप वाकला तर सगळं यंत्रच तिरपं पेरेल, म्हणून ते नको आहे. मृगाला अजून वेळ आहे. काय टाकू आणि किती वेळ मुरू देऊ?

बैलबंडी · २१ मे, रात्री १०.०५

कायचं एवढं टेन्शन घेता भाऊ. आमच्या इकडं सारे डिझेलच टाकतात. फडकं डिझेलात भिजवाचं, नटाले गुंडाळाचं, रात्रभर ठेवाचं. सकाळी पाना लावाचा. नाई सुटला त अजून एक रात्र. त्या स्प्रेच्या डब्यावर पैसे कायले घालता?

संत्राबाग · २१ मे, रात्री १०.२०

डिझेलनं माझं काम कधी झालं, कधी नाही झालं. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे आणा, प्रत्येक हार्डवेअरमध्ये मिळतो.

आयटीआय_फिटर · २२ मे, सकाळी ६.३०

पूर्णाकाठ, थोडं सविस्तर लिहितो. मी फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवतो आणि दर मे महिन्यात हाच प्रश्न निरनिराळ्या अवजारांसकट माझ्याकडे येतो.

नट जाम का होतो? लोखंडाचा जंग मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागाची. तिच्यात जंग फुगला की तो आतून पाचर ठोकल्यासारखा आवळतो. तुमच्या केसमध्ये खताचं मीठ आणखी वर आहे. खताचे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. युरियाचंच बघा, ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांवर गेली की त्याला आपोआप पाणी सुटायला लागतं. म्हणजे पाऊस न पडताही तुमचे क्लॅम्प ओलेच होते. त्यात खारपाणपट्टा. तिथल्या बोअरच्या पाण्यातले क्लोराइड जंगाला जोर देतात.

आता तेलाचं. तेल आत जातं ते फटीच्या ओढीनं. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, आणि तेल जितकं पातळ तितकं लवकर आत. डिझेलची दाटी ४० अंशाला २ ते ४.५ सेंटिस्टोक, २०डब्ल्यू-४० इंजिन ऑईलची शंभराच्या वर. म्हणून नुसतं इंजिन ऑईल ओतून काही होत नाही, ते नटावरच बसून राहतं. डिझेल आत जातं हे बैलबंडींचं म्हणणं बरोबर आहे. पण आत गेल्यावर त्याच्यात वंगण फार नसतं. पेनिट्रेटिंग ऑईल म्हणून जे विकतात त्यात दोन्ही असतं, आत घेऊन जाणारा पातळ द्राव आणि मागे राहणारं वंगण.

डब्ल्यूडी-४० वाईट नाही. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर पाणी टिकू नये आणि जंग धरू नये म्हणून. मुळात काम पाणी हटवण्याचं. हलक्या जंगाला चालतं. त्याच कंपनीचं जाम भागांसाठीचं वेगळं तेल येतं. दुकानदार विचारल्याशिवाय ते देत नाही, तेव्हा डब्यावर 'पेनिट्रंट' लिहिलंय का ते वाचून घ्या.

पण माझं खरं म्हणणं तेलाबद्दल नाहीच. लोक तेल कोणतं यावर भांडतात आणि मारून दहाव्या मिनिटाला पान्यात पाईप घालतात. तेलाला रात्र द्यावी लागते आणि नटाला टिचक्या द्याव्या लागतात. हे दोन केलं तर डिझेलही चालतं. हे न करता महागातलं तेल मारलं तरी बोल्ट तुटतो.

करायचं असं. आधी तारेच्या ब्रशनं खताचा आणि जंगाचा थर काढा, नटाबाहेर आलेले आटे चकचकीत दिसेपर्यंत. हे बहुतेक जण टाळतात. बाहेरचे आटे घाण राहिले तर आतून सुटलेला नट बाहेर येताना पुन्हा तिथेच अडकतो. मग नटाच्या दोन्ही तोंडांना तेल द्या, फक्त वरून नाही. मग छोटी हातोडी घ्या, पाव-अर्धा किलोची. नटाच्या सहाही बाजूंवर पाळीपाळीनं ठोका, समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून. घाव जोराचा नको, टणटण वाजला पाहिजे. जंगाचा थर ठिसूळ असतो, त्याला त्यानं बारीक तडे जातात आणि तेलाला वाट होते. पुन्हा तेल, पुन्हा ठोकणं. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा, दोन-तीन दिवस.

आणि पाना लावाल तेव्हा पहिला झटका सोडायच्या दिशेनं देऊ नका. आवळायच्या दिशेनं किंचित ओढा. किरकिर आवाज आला की जंगाची पकड मोडली. मग सोडा.

पूर्णाकाठ · २२ मे, सकाळी ७.१५

सर, आवळून मग सोडायचं हे पहिल्यांदाच ऐकलं. आजच ब्रश करतो. गोल झालेल्या नटांना काय करू? रिंग पाना फिरतो नुसता.

आयटीआय_फिटर · २२ मे, सकाळी ७.५०

रिंग पान्याला आत बारा कोपरे असतात, तो नटाच्या कोपऱ्यावर पकडतो. कोपराच गेला की संपलं. सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) घ्या, ती सपाट बाजूवर पकडते. तरी फिरली तर कानशीनं दोन समोरासमोरच्या बाजू घासून १८ किंवा १७ चा फिक्स पाना घट्ट बसेल अशा करा. पाईप पाना शेवटी.

पाना लांब करायला पाईप घालण्याआधी हिशोब बघा. ८.८ ग्रेडचा १२ मिमी बोल्ट साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटरला आवळतात. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर उठवलेला असतो. एक मीटरच्या पाईपच्या टोकाला माणसानं ४० किलोचा भार दिला तर तिथे ३९० च्या आसपास होतात. बोल्ट पिळवटणारच. त्यातून हा जंगानं खाल्लेला.

मिस्त्री_मूर्तिजापूर · २२ मे, दुपारी १.३०

वेल्डिंगवाले सरळ गॅस कटर लावतात म्हणे. सगळेच लावत नाहीत भाऊ. गरम करणं वेगळं आन् कापणं वेगळं. गिऱ्हाईक दुपारी येते आन् चार वाजता यंत्र पाह्यजे म्हणते, तवा कापाच लागते.

आगीचं तंत्र सांगतो. ऊब नटाले द्याची, बोल्टले नाही. नट फुगला पाह्यजे, बोल्ट थंड राह्यला पाह्यजे. म्हणून ज्योत बारीक आन् नटावरच, लवकर लवकर. नट लाल होऊ देऊ नका. लाल केला त बोल्टचं पाणी उतरते, मग तो पुन्हा वापराच्या लायकीचा राहत नाही. निळसर झाला की बस. मग मेणबत्ती घेऊन आट्याच्या तोंडाशी टेकवाची. मेण वितळून सर्रकन आत वढल्या जाते, डोळ्यानं दिसते. थोडा निवला की पाना लावाचा. ज्या नटाले तेल लागू झालं नाही तो बी याच्यानं सुटते.

पण तेल मारलेल्या नटाले लगेच आग दाखवू नका. आधी पुसा, वारा लागू द्या. आन् खताचा थर पुरा खरवडा. डीएपी तापलं की अमोनियाचा असा भपकारा येते की डोळे उघडत नाहीत. बियाच्या प्लास्टिकच्या नळ्या काढून बाजूले ठेवा.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण पोरं आयकत नाहीत. हे तेल-ग्रीस कोणत्याच हालतीत गॅस सेटच्या ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हले, रेग्युलेटरले लावाचं नाही. तो जाम असला तरी नाही. दाबातला ऑक्सिजन तेलाले लागला की स्फोट होते. तेलकट हातमोजे घालून बी ते खोलाचं नाही. आन् जळणाऱ्या गॅसच्या बाटलीचे आटे उलटे असतात, नटावर कापल्यासारखी खूण असते. लोक ते जाम समजून आवळत बसतात.

आयटीआय_फिटर · २२ मे, दुपारी २.१०

मिस्त्रींचं शंभर टक्के बरोबर. आकडा हवा असेल तर, पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. १२ मिमीच्या नटाला बोल्टपेक्षा २०० अंश जास्त ताप दिला तर भोक ३ शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण आट्यांतली फट तेवढीच असते.

ट्रॉलीच्या चाकाचे नट असतील तर मात्र टायरमध्ये हवा असताना ज्योत अजिबात नाही. रिमच्या उबेनं आतलं रबर तापून गॅस सोडतं आणि टायर फुटतो. हवा पूर्ण काढा, शक्यतो चाक सोडवायला आग वापरूच नका.

अकोट_रोड · २२ मे, सायंकाळी ६.००

गिअर ऑईल आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळून घरी बनवता येतं म्हणतात. करून बघितलंय का कोणी?

संत्राबाग · २२ मे, सायंकाळी ६.२५

गिअर ऑईल नाही, ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल, एटीएफ. ते बरंच पातळ असतं. मी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरच्या स्टडला वापरलं, चांगलं काम करतं. पण दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवायची आणि लगेच घालायचं.

आयटीआय_फिटर · २२ मे, रात्री ८.४५

चालतं, पण उन्हाळ्यात जपून. अ‍ॅसिटोन ५६ अंशाला उकळतं आणि शून्याखालच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेते. पेरणी यंत्राच्या प्लास्टिकच्या रोलरला आणि नळ्यांना ते खातं, रंगही उडवतं.

याच निमित्तानं डिझेलबद्दल एक सांगून ठेवतो. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे त्या तापमानाला वर जमणारी वाफ ठिणगीनं पेटू शकते. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीकडे सावलीतच ४४-४५ असतं. डिझेलनं भिजलेलं फडकं बांधलेल्या यंत्राजवळ बिडी नको आणि ग्राइंडर तर मुळीच नको. स्प्रेचा डबा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हात ठेवू नका, डब्यावरच ५० अंशांची मर्यादा छापलेली असते.

आपल्या उन्हाचा फायदाही घेता येतो. दुपारी लोखंड हात लावू नये इतकं तापतं. ऊन उतरताना, लोखंड कोमट असताना तेल घाला. कोमट लोखंडावर तेल आणखी पातळ होतं आणि रात्री निवताना फटीतली हवा आकसून तेल आत घेते. भर दुपारी घातलं तर त्यातला पातळ भाग उडून जातो.

नवखा_शेतकरी · २३ मे, सकाळी ८.१०

कोल्ड्रिंक ओतलं की जंग निघतो असा व्हिडिओ पाहिला. चिंचेच्या पाण्यानंही म्हणे.

आयटीआय_फिटर · २३ मे, सकाळी ८.४०

सुटा भाग असेल तर त्यात रात्रभर बुडवून वरचा जंग उतरतो. त्यात आम्ल असतं. लिंबूसत्व त्याहून स्वस्त आणि चांगलं. पण यंत्रावर बसलेल्या नटात ते शिरून काम करत नाही. आणि नंतर धुऊन, वाळवून तेल नाही लावलं तर चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त जंग.

रोहिणी_वरूड · २३ मे, दुपारी १२.०५

आमच्या महिला गटाची अवजार बँक आहे, त्यामुळे दुसऱ्यांनी वापरून परत केलेली यंत्रं हा माझा रोजचा विषय. पूर्णाकाठ भाऊ, तुम्ही बोल्ट वाचवायला बघताय की क्लॅम्प? आम्ही यंत्र समोर आलं की आधी हे ठरवतो. १२ मिमीचा बोल्ट किरकोळ किमतीला मिळतो. क्लॅम्प आणि फ्रेम महत्त्वाची. ज्या बोल्टचे आटे जंगानं निम्मे खाल्लेत तो सुटला तरी परत बसवण्यासारखा नसतो. तेव्हा दोन दिवस तेल द्यायचं, जे सुटतील ते सुटतील, राहिलेल्यांचा नट कापायचा. त्यासाठी गॅस कटर लागत नाही. पातळ चकती लावून ग्राइंडरनं नटाच्या एका सपाट बाजूवर उभी चीर द्या, आट्यांना लागायच्या जरा आधी थांबा. मग चिरेत छिन्नी ठेवून एक घाव. नट उकलतो, क्लॅम्पला ओरखडाही येत नाही.

डिझेल-तेल पुसल्याशिवाय ग्राइंडर लावू नका, वर सरांनी सांगितलंच आहे. आणि चष्मा घाला. आमच्याकडे त्याशिवाय ग्राइंडर हातात देत नाही.

बैलबंडी · २३ मे, दुपारी १२.३०

ताई, ही उभी चीर द्याची गोष्ट लय कामाची सांगितली. आमचा डवऱ्याच्या फासेचा नट वर्षापासून तसाच हाय.

पूर्णाकाठ · २५ मे, रात्री ८.५०

मंडळी, प्रगती सांगतो. हार्डवेअरमध्ये पेनिट्रंट मागितलं तर दुकानदारानं मागून धूळ खात पडलेला डबा काढून दिला. पहिल्या दिवशी नुसतं ब्रशचं काम केलं. खताचा थर पापुद्र्यानं निघाला, त्याखाली लोखंडावर खड्डे पडलेत. मग संध्याकाळी तेल आणि हातोडी, सकाळी तेल आणि हातोडी. पोरगं दुसऱ्या बाजूनं घण धरून उभं राहायचं.

आज सकाळी आवळायच्या दिशेनं ओढला आणि खरंच किर्रर्र आवाज आला! नट पाव फेरा सुटला की जड व्हायचा, मग त्यातला अर्धा मागे घ्यायचा, तेलाचा थेंब, पुन्हा पुढे. आट्यांतून तांबडा गाळ बाहेर येत होता. एकही बोल्ट तुटला नाही. टोकाकडच्या क्लॅम्पचे दोन गोल झालेले नट तेवढे राहिलेत. उद्या मेणबत्ती, नाही जमलं तर ताईंची चीर.

मिस्त्री_मूर्तिजापूर · २५ मे, रात्री ९.२०

तांबडा गाळ आला म्हणजे तेल शेवटपर्यंत गेलं. जबरदस्त काम केलं भाऊ. त्या दोघांले मेणबत्तीच्या आधी आणखी एक रात्र देऊन पाहा.

झाडीपट्टी · २६ मे, सकाळी ६.५५

आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या चिखलात चालणारी लोखंडी चाकं असतात, त्यांचे नट दरवर्षी असेच. पण मला स्टीलच्या बोल्टबद्दल विचारायचंय. सबमर्सिबल पंपाच्या केबल गार्डचे बोल्ट स्टेनलेसचे, जंग दिसत नाही तरी जाम. तेल कितीही टाकलं तरी फरक नाही.

आयटीआय_फिटर · २६ मे, सकाळी ७.३०

तो जंग नव्हे. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की आटे एकमेकांना चावतात, धातू धातूला चिकटतो. त्यात शिरायला तेलाला फटच राहत नाही. सुरुवातीलाच जड लागलं तर थांबून मागे घ्या, तेल द्या, अगदी हळू फिरवा. पूर्ण चावलं असेल तर कापणे. नवा बसवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट (आटे चावू नयेत म्हणून लावायची) लावा आणि मशीननं भरभर आवळू नका, वेगानंच चावतात.

पूर्णाकाठ · २७ मे, सायंकाळी ७.१०

एक नट मेणबत्तीनं सुटला, दुसरा उभ्या चिरेनं. क्लॅम्प शाबूत. दाते ४५ वर लावले. बोल्ट सगळे नवे आणलेत, झिंकचा मुलामा असलेले. बसवताना आट्यांना ग्रीस लावू का? आणि यंत्र पुढच्या वेळी धुवायचं तर आमच्याकडे पाणी बोअरचंच, खारं.

रोहिणी_वरूड · २७ मे, रात्री ८.००

ग्रीस लावा, ट्रॅक्टरचं साधं चालेल. फक्त ग्रीस लावलेला नट त्याच जोराला जास्त आवळला जातो, म्हणून हात थोडा आवरता ठेवा. नटाबाहेर राहिलेल्या आट्यांवरही बोट फिरवा, जंग तिथूनच आत जातो.

खाऱ्या पाण्यानं धुऊन तसंच ठेवलं तर न धुतल्यासारखंच. पाणी वाळतं, मीठ राहतं. खताची पेटी आधी कोरडीच झाडून घ्या, ब्रशनं कोपऱ्यांतलं काढा. त्यानंच बरंचसं काम होतं. धुवायचं ते नळाच्या गोड्या पाण्यानं, बादलीभर पुरतं. नाहीतर पावसाळ्यात पन्हाळीचं धरून ठेवा. मग उन्हात खडखडीत वाळवून क्लॅम्पवर आणि पेटीच्या तळाला जुनं इंजिन ऑईल फडक्यानं पुसा. सरत्यांच्या (बी पडायच्या नळ्यांच्या) आत तेल जाऊ देऊ नका, बी चिकटतं.

गटात आम्ही एक नियम केलाय, पेटी रिकामी आणि झाडलेली असल्याशिवाय यंत्र परत घेत नाही. परत देणाऱ्यासमोरच झाकण उघडून बघतो. सुरुवातीला रुसवेफुगवे झाले, आता सगळे झाडूनच आणतात.

पूर्णाकाठ · २७ मे, रात्री ८.२५

ताई, हा नियम रविवारच्या बैठकीत मांडतो. काढलेले तीन दाते आणि त्यांचे क्लॅम्प तेल लावून पोत्यात गुंडाळू का?

रोहिणी_वरूड · २७ मे, रात्री ८.४०

खताचं पोतं नको, त्याच्या विणीत खत राहतं. जुन्या सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून वर टांगा.